छप्पर बदलताय? आधी अर्ज, मग पत्रा

(मीरा रोड इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘घराचं छप्पर.’ त्यांना वाटलं होतं की हा सॉफ्टवेअरवाला आहे, नोकऱ्या आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलेल. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या भागात दरवर्षी मे महिन्यात जी धावपळ होते, तिच्यावर कुणी बोलत नाही. पत्रे सडलेत, वासा वाकलाय, पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. मग कुणीतरी म्हणतं, ‘शनिवारी रात्री माणसं लावतो, सोमवारी साहेब ऑफिसात यायच्या आत पत्रा पडलेला असेल.’ आपण हो म्हणतो. त्या एका रात्रीत आपण काय गमावतो, हे आज सांगायचं आहे.

आधीच सांगतो, माझी डिग्री इंजिनिअरिंगची आहे, पण कॉम्प्युटरची. मी स्थापत्य अभियंता नाही आणि वकीलही नाही. आमच्या स्वतःच्या बैठ्या चाळीतल्या घराचं छप्पर बदलताना मी कायदा वाचायला घेतला. मग शेजारच्यांचे अर्ज लिहून दिले, आणि हळूहळू रविवारचं ते एक कामच झालं. तुमच्यापैकी कुणालाही ते जमेल.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात : ‘भाई, आपलंच घर, आपलंच छप्पर, परवानगी कशाला?’

दोन कायदे लक्षात ठेवा. एक, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्याचं कलम २५४ सांगतं की इमारतीचा कोणताही भाग काढायचा, बदलायचा किंवा पुन्हा उभा करायचा असेल, तर आयुक्तांना आधी लेखी सूचना द्यायची. त्यातच एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो : छपरावरची कौलं सोडून. म्हणजे फुटलेली कौलं बदलायला तुम्हाला कुणाला विचारायची गरज नाही. पण कौलं काढून पत्रे घालायचे, आढं-वासे काढून लोखंडी अँगल टाकायचे, भिंत दोन फूट वर घ्यायची, तर ते कौलं बदलणं राहिलं नाही. तिथं लेखी सूचना आली.

दुसरा कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. आपण त्याला एमआरटीपी म्हणतो. त्याचं कलम ४३ म्हणतं की विकासकामाला परवानगी लागते, पण फक्त घराच्या आतल्या भागाला लागू होणारी किंवा बाहेरच्या रूपात ठळक फरक न करणारी देखभाल-दुरुस्ती तिच्यातून वगळली आहे. कुठल्याही कायद्याखाली प्राधिकरणानं दिलेल्या आदेशाप्रमाणे करायचं कामही वगळलं आहे. म्हणजे महापालिकेनं तुम्हाला कलम २६४ खाली ‘घर धोकादायक आहे, दुरुस्त करा’ अशी नोटीस दिली असेल, तर ती फाडून टाकू नका. ती तुमच्या कामाची आहे. त्या नोटिशीत जेवढं काम सांगितलंय तेवढं करायला तीच आधार आहे.

आता कुणी म्हणेल, कलम ४३ मध्ये सूट आहे ना, मग झालं. पण एक कायदा सूट देतो आणि दुसरा सूचना मागतो, तेव्हा शहाणा माणूस सूचना देऊन मोकळा होतो. अर्ज देण्यात तुमचं काही जात नाही. न देण्यात घर जाऊ शकतं.

साधा हिशोब असा मांडा. त्याच मापाचं, त्याच उंचीचं, त्याच जागेवरचं छप्पर, ही दुरुस्ती. उंची वाढली, माळा निघाला, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, ओटा आत घेतला, तर ते नवीन बांधकाम. त्याला नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा अभियंत्याचे नकाशे लागतात, आणि २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू होते. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. दुरुस्तीची परवानगी घेऊन वर मजला चढवणारे आपल्या शहरात आहेत, आणि त्यांच्यामुळे खरी दुरुस्ती करणाऱ्याच्या अर्जाकडेही संशयानं बघितलं जातं. ते आपल्यातले असतील तर त्यांनाही हे तोंडावर सांगायला हवं.

दुसरा प्रश्न : अर्ज कुणी करायचा? इथंच आपली गाडी अडते.

मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली १९८५ मध्ये आणि महानगरपालिका २००२ मध्ये. त्याआधी इथं ग्रामपंचायती होत्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या वेगानं वाढलेल्या शहरात प्रत्येक घराचा कागद वेगळा आहे. कुणाचं घर गावठाणात, कुणाचं बैठ्या चाळीत नोटरीच्या करारावर, कुणाचं सरकारी जमिनीवर, कुणाचं ऐंशीच्या दशकातल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर. उत्तनकडे समुद्राजवळ घर असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे. घोषित झोपडपट्टी असेल तर १९७१ चा झोपडपट्टी कायदा आला. म्हणून पत्र्याचा भाव काढण्याआधी आपली जमीन कोणती ते काढा. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक ऑनलाइन बघता येतं. विकास आराखड्यात जागेवर रस्ता किंवा आरक्षण आहे का, ते नगररचना विभागात विचारता येतं. घर १९८५ च्या आधीचं असेल तर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची जुनी पावती शोधा. आजोबांच्या ट्रंकेतला तो पिवळा कागद घराचं वय सांगतो.

मालमत्ता कराच्या बिलाबद्दल एक गैरसमज आहे. ‘आम्ही टॅक्स भरतो, म्हणजे घर कायदेशीर.’ तसं नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो. उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली अशा बांधकामाला कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. आज घरी गेल्यावर बिल काढा आणि शास्ती लावलीय का ते बघा. लावली असेल तर छपराच्या अर्जाआधी तो विषय समजून घ्यायला लागेल. बिल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही किती वर्षं इथं राहता आणि तेव्हा घर केवढं होतं, याचा तो पुरावा आहे. फक्त पुराव्याला परवानगी समजू नका.

आता एक गोष्ट जरा जपून सांगतो, कारण ती आपल्या घरातली आहे. माझ्याकडे एक खाला आल्या. छप्पर गळत होतं, पैसे जमवले होते, सगळं तयार होतं. बिल बघितलं तर नाव त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे जाऊन वीस वर्षं झाली, नवराही गेला. वारस नोंद कुणी केलीच नाही. का नाही केली? कारण वारस नोंद करायची म्हणजे नणंदांची नावं लागणार आणि त्यांचा हिस्सा कागदावर येणार. आपण मंचावर सांगतो की इस्लामनं मुलीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसा दिला. आणि घराच्या कागदावर बहिणीचं नाव येऊ नये म्हणून वीस वर्षं मेलेल्या माणसाच्या नावानं कर भरतो. त्या खालांच्या नणंदा चांगल्या निघाल्या. त्यांनी संमतीपत्र दिलं, नावं लागली, मग अर्ज गेला. पण त्यात एक पावसाळा गेला. तुमच्या घरी असं असेल तर छपराचं निमित्त करा आणि वारस नोंद करून घ्या. बहिणीचं नाव लावल्यानं छप्पर पडत नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांचं वेगळं आहे. गच्ची तुमची एकट्याची नाही. वरच्या मजल्यावरच्या घरात गच्चीतून पाणी झिरपलं आणि छताचा गिलावा पडला, तर आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं करायची असते. म्हणून एकट्यानं पत्रे टाकून शेड उभारू नका. सोसायटीला लेखी तक्रार द्या, सर्वसाधारण सभेत ठराव घ्यायला लावा, आणि अर्ज सोसायटीच्या नावानं जाऊ द्या. तात्पुरती पावसाळी शेड असेल तर परवानगीत जी मुदत आणि अट असेल ती पाळा. मुदत संपली की काढा. शेडला भिंती आल्या, दरवाजा आला, की ती खोली झाली, आणि मग ती कुणी वाचवू शकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट : नया नगर आणि आसपासच्या पुष्कळ इमारती आता तीस वर्षांच्या पुढे गेल्यात. कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं झाली की महापालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणं मालकाचं किंवा राहणाऱ्यांचं काम आहे. गच्चीवर पत्र्यांचा, अँगलचा बोजा चढवण्याआधी खालचे खांब तो पेलतील का, हे त्याला विचारा. आणि सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, तेही बघा. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. बिल्डर सापडत नाही म्हणून ते अडून राहत नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज. इथं माझ्या कामाची सवय उपयोगी पडते. आमच्याकडे चालू प्रणालीत बदल करायच्या आधी, ती आज कशी आहे, याची नोंद ठेवतात. म्हणजे नंतर कुणी म्हणालं ‘हे तुम्ही बिघडवलं’, तर दाखवता येतं. छपराचंही तसंच करा.

पत्र्याला हात लावण्याआधी फोटो काढा. चारही बाजूंनी, आतून, आणि शेजाऱ्याची भिंत दिसेल असा एक. मापं घ्या : लांबी, रुंदी, जोत्यापासून पुढच्या वळचणीपर्यंतची उंची, मधल्या आढ्याची उंची. कागदावर लिहा, तारीख टाका, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. काम झाल्यावर त्याच जागेवरून तेच फोटो पुन्हा काढा. कुणी तक्रार केली की ‘यानं उंची वाढवली’, तर उत्तर तुमच्या हातात असतं.

अर्जाची भाषा साधी ठेवा. ‘माझ्या घराचे जुने छप्पर सडले आहे. तेवढ्याच लांबी-रुंदीचे व तेवढ्याच उंचीचे नवीन छप्पर त्याच जागी बसवायचे आहे. भिंतीत, क्षेत्रफळात व वापरात कोणताही बदल करणार नाही.’ एवढं पुरे. खाली मापं, सोबत फोटो, कराचं बिल, मालकीचा किंवा ताब्याचा जो कागद आहे तो, आणि वारसांची संमती. खोटं एक वाक्यही लिहू नका. ‘बदल करणार नाही’ लिहिलं की करायचा नाही. एका चुकीच्या वाक्यानं बाकीचे खरे कागदही संशयात येतात.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मला एका कार्यालयात सांगितलं होतं, ‘तोंडी सांगितलं ना, करा काम.’ मी म्हटलं, ‘साहेब, तेवढंच कागदावर द्या.’ तिथून पुढे तीन चकरा झाल्या, पण कागद आला. तोंडी हो म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते. पोच घरात राहते.

मुदतीचं गणितही समजून घ्या. एमआरटीपीच्या कलम ४५ प्रमाणे परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं, पण अर्धंच. पुढचं अर्धं असं : अधिकाऱ्यांनी मध्ये त्रुटी काढली, तर तुम्ही तिचं उत्तर दिल्यापासून ६० दिवस पुन्हा मोजायचे. आणि तुमचं काम सगळ्या नियमांत चोख बसत असेल तरच ही मानीव परवानगी टिकते. म्हणून त्रुटीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात, सगळ्या मुद्द्यांना एकदाच उत्तर द्या. आज एक कागद, पुढच्या महिन्यात दुसरा, असं केलंत तर घड्याळ तुम्हीच मागे फिरवता. परवानगी नाकारली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे. फाइल कुठं आहे ते कुणी सांगत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवेला मुदत असते आणि कारणाशिवाय टाळाटाळ केली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. दलालाला दिलेल्या पैशाची पावती नसते, आणि ज्याची पावती नाही ते कुठल्याही सुनावणीत दाखवता येत नाही.

हे सगळं उलटं मोजलं तर कळेल की अर्ज मे महिन्यात करून चालत नाही. दिवाळी झाली की छपरावर चढून बघा. डिसेंबरात अर्ज गेला तर मार्चमध्ये काम होतं. मृगाची वाट बघत बसलात तर दलालाचीच वाट धरावी लागते. आणि जुने सिमेंटचे पत्रे काढताना ते फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा, पोरांना लांब ठेवा.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला ते सांगतो.

२१ जानेवारी २०२४ च्या रात्री नया नगरमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांनी गुन्हा केला त्यांचा निवाडा कोर्ट करेल. दोन दिवसांनी, २३ जानेवारीला, हैदरी चौक परिसरात बुलडोझर आला आणि अनधिकृत म्हणून पंधराच्या आसपास बांधकामं पाडली गेली. नोटीस मिळाली नव्हती, असं काही दुकानदारांनी तेव्हा वार्ताहरांना सांगितलं. त्या दिवसापासून आपल्या गल्ल्यांत एक भीती बसली आहे. पत्रा बदलतानाही माणूस दबकून बदलतो.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठानं, देशभरासाठी निर्देश दिले. माणसावर आरोप आहे म्हणून त्याचं घर पाडता येणार नाही. पाडण्याआधी रजिस्टर पोस्टानं नोटीस, आणि ती घरावरही चिकटवायची. उत्तराला किमान १५ दिवस. नोटिशीची खबर ई-मेलनं जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे मागची तारीख टाकता येऊ नये. प्रत्यक्ष सुनावणी, तिची नोंद, कारणांसह आदेश, आणि आदेशानंतर आणखी १५ दिवस. पाडकामाचं चित्रीकरण. निर्देश मोडले तर नुकसानभरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून.

पण हा निकाल नीट वाचा. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत, नदी-नाल्यालगत सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. न्यायालयाचाच पाडण्याचा आदेश असेल तिथंही नाही. आणि जिथं संरक्षण आहे, तिथंही निकालानं तुम्हाला सुनावणी दिली आहे. सुनावणीत काय दाखवायचं, ते तुम्ही आणायचं आहे. अधिकारी विचारेल, ‘हे छप्पर कधीचं? उंची किती होती? परवानगी कुठंय?’ तेव्हा ‘साहेब, आम्ही गरीब आहोत, आमच्यावर अन्याय होतोय’ हे खरं असलं तरी पुरत नाही. आवक क्रमांक, मापं, फोटो, हे टेबलावर ठेवावं लागतं.

शनिवारी रात्री पत्रा टाकणारा माणूस छप्पर मिळवतो आणि हे सगळं गमावतो. चाळीस वर्षांचं जुनं, साधं घर एका रात्रीत ‘नुकतंच केलेलं विनापरवाना बांधकाम’ होऊन बसतं. पाडणाऱ्याला कारण आपणच दिलेलं असतं.

कागद असला की कुणी हात लावणार नाही, असा दावा मी करणार नाही. कागद असूनही माणसांना त्रास झालेला आहे. पण कागद असलेला माणूस कोर्टात उभा राहू शकतो. बिनकागदाचा माणूस वकिलाच्या दारातूनच परत येतो. आणि जो नागरिक स्वतः नियम पाळतो, तो अधिकाऱ्याला ‘तुम्हीही पाळा’ असं मान वर करून सांगू शकतो. आपल्याला ती जागा हवी आहे.

तुम्ही इथं साठ-सत्तर जण बसला आहात. तुमच्या अब्बांना, अम्मींना सरकारी मराठी वाचायचा कंटाळा येतो, भीती वाटते. तुम्हाला ती येते. तुम्ही मराठी शाळेत शिकलात, तुमच्या हातात फोन आहे. माझी एवढीच विनंती आहे : या आठवड्यात आपल्या घराची एक फाइल करा. कराची बिलं, करार, वारसांची नावं, जुन्या पावत्या, छपराची मापं आणि फोटो. सगळ्याची फोनमध्ये एक प्रत आणि एक घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे. मग शेजारच्या एका घराची करा, ज्यांच्याकडे लिहिणारं कुणी नाही त्यांची. शेजारी कुठल्या धर्माचा ते बघू नका. पाऊस सगळ्यांच्या घरात सारखाच गळतो. रविवारी सकाळी मी अर्ज लिहायला बसतो, ज्याला शिकायचंय त्यानं यावं. येताना घराची मापं घेऊन या.